व्हॅन नेसच्या पश्चिमेला

सॅन फ्रान्सिस्को शहरातून उत्तर-दक्षिण जाणारा व्हॅन नेस अव्हेन्यू हा रस्ता १२५ फूट रुंद आहे, आणि या शहरात एकोणिसाव्या शतकातील लाकडी घरे आज कोठे उभी आहेत व कोठे नाहीत, याचा उलगडा त्या रुंदीपासूनच सुरू होतो. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने शहर खिळखिळे केले, परंतु ते बेचिराख केले त्यानंतर तीन दिवस पेटत राहिलेल्या आगीने. जमिनीखालचे पाण्याचे नळ जागोजागी फुटले होते. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन भूकंपातच जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी वारले. पाणी नाही म्हटल्यावर सुरुंगाने घरे पाडून आगीचे भक्ष्य तोडायचे, एवढाच मार्ग उरला. आणि शेवटचा मोर्चा व्हॅन नेसवर बांधण्यात आला, कारण एवढा रुंद रस्ता ओलांडणे ठिणग्यांनाही अवघड होते. रस्त्याच्या पूर्वेकडील श्रीमंतांची घरे त्यासाठी उडवून दिली गेली. काही ठिकाणी ज्वाळांनी रस्ता ओलांडलाच, तरी त्यांचा जोर तेथे मोडला. सुमारे २८,००० इमारती गेल्या, तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, चार लाखांच्या शहरातील निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले. मात्र व्हॅन नेसच्या पश्चिमेला असलेली वेस्टर्न ॲडिशन ही वस्ती बहुतांशी जशीच्या तशी उभी राहिली.

मी या शहराच्या परिसरात बरीच वर्षे राहतो आहे. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी गोल्डन गेट पुलानंतर हमखास जे ठिकाण पाहायला मागतात ते म्हणजे अलामो स्क्वेअर बागेच्या पूर्व कडेला, स्टायनर स्ट्रीटवर ओळीने उभी असलेली सात रंगीत घरे. त्यांच्या मागे डाउनटाउनचे उंच मनोरे दिसतात, पुढे हिरवळीचा उतार असतो, आणि त्या दृश्याचे छायाचित्र प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेले असते. ती घरे सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्या बागेत उभे राहिल्यावर मला सतत जाणवत राहते ते हे, की आपण पाहतो आहोत ती एका फार मोठ्या वस्तीची उरलेली कड आहे, आणि ती वस्ती भूकंपाने किंवा आगीने नेलेली नाही. त्या वस्तीतली, आगीतून सहीसलामत सुटलेली घरे पुढे साठ वर्षांनी, शांततेच्या काळात, सरकारी नकाशावर आखलेल्या रेषांच्या आत सापडली म्हणून पाडण्यात आली. घरे वाचवणे म्हणजे नेमके काय वाचवणे, हा प्रश्न मला या रस्त्यांनी विचारायला लावला आहे.

आधी ही घरे उभी कशी राहिली ते सांगायला हवे, कारण त्यांच्याविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. कमानी, कंगोरे, नक्षीचे खांब आणि टोकदार बुरूज पाहून ही धनिकांची हौस असावी असे वाटते. काही घरांच्या बाबतीत ते खरेही आहे, परंतु बहुसंख्य घरे मध्यमवर्गीयांसाठी, ठरीव नकाशांवरून, एकाच वेळी ओळीने बांधलेली आहेत. १८७३ साली क्ले स्ट्रीटच्या चढावर अँड्र्यू हॅलिडी यांची पहिली केबल कार धावली आणि घोड्यांना न झेपणाऱ्या टेकड्यांवर व त्यांच्या पलीकडे लोकांना राहायला जाता येऊ लागले. त्याच दशकात ‘द रिअल इस्टेट असोसिएट्स’ या एकाच कंपनीने शहरात हजाराहून अधिक घरे बांधली आणि ती हप्त्यांवर विकली. कारकून, दुकानदार, कुशल कारागीर असे लोक ही घरे घेत. स्टायनर स्ट्रीटवरची ती सात घरे मॅथ्यू कॅव्हनॉ या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ ते १८९६ या काळात बांधली. पहिले आणि सर्वांत मोठे घर त्याने स्वतःसाठी ठेवले आणि शेजारची सहा घरे, एकाच साच्यातली, विक्रीसाठी काढली.

त्यांच्या रूपामागचे कारण जमिनीच्या तुकड्यात आहे. येथील प्लॉट साधारणपणे २५ फूट रुंद आणि शंभर फुटांहून अधिक खोल असे पाडलेले होते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे उजेड येणार तो पुढून आणि मागून. धुक्याच्या या शहरात उजेडाचे मोल फार. म्हणून दर्शनी भिंत रस्त्याच्या दिशेने बाहेर काढून तिला तीन बाजूंनी काचा बसवण्याची, म्हणजे बे विंडोची, पद्धत येथे घरोघरी रुजली. १८७०च्या दशकातील इटालियनेट घरांमध्ये या खिडकीच्या बाजू तिरक्या असतात, वरती सपाट दर्शनी भिंत उंच नेऊन तिच्या माथ्यावर जाड कंगणी, म्हणजे बाहेर आलेली आडवी पट्टी, आणि कंगणीखाली तिला आधार दिल्यासारखी नक्षीदार लाकडी ब्रॅकेटांची रांग असते. १८८०च्या दशकातील स्टिक शैलीत खिडकी काटकोनी होते आणि भिंतीवर उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट चढते. १८९०च्या दशकात क्वीन ॲन शैली येते. तिच्यात त्रिकोणी छपराचे तोंड रस्त्याकडे वळते, कोपऱ्यावर गोल बुरूज उगवतो आणि छपराखालच्या त्रिकोणात माशाच्या खवल्यांसारख्या कापलेल्या लाकडी फळ्यांची झालर बसते. एखाद्या गल्लीतून चालताना केवळ खिडकीचा कोन पाहून घराचे दशक सांगता येते. ही नजर एकदा बसली की या रस्त्यांवरून चालण्याचा आनंद दुप्पट होतो.

हे सगळे लाकूड रेडवुडचे आहे. उत्तरेकडील मेंडोसिनो आणि हम्बोल्ट परगण्यांतील किनाऱ्यालगतच्या जंगलांतून ते जहाजांनी येत असे. रेडवुडला कीड सहसा लागत नाही, ते लवकर कुजत नाही, आणि त्याचे तंतू सरळ व मऊ असल्याने ते यंत्रावर सहज कापता येते. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांत खांब, कठडे, फुले, कंगोरे यांचे ढीगच्या ढीग तयार होत, कंत्राटदार कॅटलॉग पाहून मागणी नोंदवत आणि सुतार ते आणून सांगाड्यावर ठोकत. हाताने कोरलेल्या शिसवी नक्षीशी त्यांची तुलना करून त्यांना हलके लेखणारे लोक मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. कारकुनाला परवडेल अशा किमतीत एवढा उजेड, एवढी उंच छते आणि दारावर थोडी शोभा देणारी बांधणी ही त्या यंत्रयुगाची मोठी देणगी होती. तिची किंमत दुसरीकडे मोजली गेली, हेही खरे. किनाऱ्यावरच्या त्या पुरातन रेडवुड अरण्याचा जेमतेम पाच टक्के भाग आज उभा आहे. ज्या फळ्यांमध्ये एका इंचात कितीतरी वार्षिक वलये दाटीने बसलेली दिसतात, त्या प्रतीचे लाकूड आज बाजारात नव्याने मिळत नाही. त्यामुळे जुने घर पाडून तसेच दुसरे बांधू, असे कोणी म्हणाले तर ते मुळातच अशक्य असते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घेतलेल्या अशाच एका इटालियनेट घराचे काम मी जवळून पाहिले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक मालकांनी ‘देखभाल नको’ म्हणून ही नक्षी तासून काढली आणि दर्शनी भिंतींवर गिलावा किंवा ॲस्बेस्टॉसच्या चौकोनी पाट्या चढवल्या. या घरावरही तशा राखाडी पाट्या होत्या. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम परवानाधारक माणसांनी, तोंडाला मुखवटे लावून, पाट्या ओल्या करून केले. खाली मूळ फळ्या निघाल्या तेव्हा कंगणीखालच्या पट्टीवर ठरावीक अंतराने कोऱ्या लाकडाचे आकार दिसू लागले. ब्रॅकेट बसवल्यानंतर भोवताली रंग दिला गेला होता आणि ब्रॅकेटच्या पाठीमागे तो पोहोचला नव्हता. त्यामुळे प्रत्येक उखडलेल्या ब्रॅकेटची वळणे, तिचे पोट, तिचे निमुळते टोक, रंगाच्या कडेने जशीच्या तशी उमटून राहिली होती. सुताराने त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने आकार उतरवून घेतला, जुन्या खिळ्यांची भोके मोजली आणि त्यावरून नव्या ब्रॅकेट कापल्या. दाराच्या चौकटीजवळ रंग खरवडला तेव्हा त्याचे थर एकाखाली एक दिसले: वर पांढरा, खाली राखाडी, मग फिकट पिवळा, आणि तळाशी दगडासारखा करडा-तपकिरी. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून खरवडलेला प्रत्येक कपटा ताडपत्रीवर गोळा करून वेगळा टाकावा लागतो. सुताराने एका सडक्या टोकाची फळी कापली तेव्हा आतून गडद तांबूस, कोरडे, निरोगी लाकूड निघाले आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्याला वास होता.

तळाचा तो करडा-तपकिरी थर महत्त्वाचा आहे. आज जे भडक रंग पाहून लोक हरखतात ते मूळचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात ही घरे बहुधा मातकट आणि दगडी छटांमध्ये रंगवली जात. रंगांची आजची लाट १९६३ साली सुरू झाली असे मानतात. बुच कार्डम या कलावंताने आपले इटालियनेट घर निळ्या-हिरव्या छटांत रंगवले, शेजाऱ्यांपैकी काहींनी नाके मुरडली, काहींनी अनुकरण केले, आणि पुढच्या दशकात गल्ल्याच्या गल्ल्या उजळून निघाल्या. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रंग खोटे वाटतात. मला ते आवडतात, कारण ते ज्या काळात आले त्या काळात ही घरे ‘जुनाट’ म्हणून पाडणे हेच सरकारी धोरण होते, आणि कोणीतरी उंच शिडीवर चढून, कंगोऱ्यांच्या प्रत्येक पदराला वेगळा रंग देत, हे घर राहणार आहे असे जाहीर करत होते.

त्या धोरणाकडे येण्याआधी वस्तीचा मधला काळ समजून घेतला पाहिजे. आगीनंतर डाउनटाउन उरलेच नाही, म्हणून फिलमोर स्ट्रीट रातोरात शहराची मुख्य बाजारपेठ झाला. दुकाने, कचेऱ्या, नाटकगृहे सगळे तेथे आले. घरे उचलून त्यांच्याखाली दुकानांचे गाळे घातले गेले, मोठ्या दिवाणखान्यांत पडद्या घालून खोल्या भाड्याने दिल्या गेल्या. चौकाचौकांत रस्त्यावर दिव्यांच्या लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, ज्या पुढे दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उतरवण्यात आल्या. डाउनटाउन पुन्हा बांधून झाल्यावर पैसेवाले निघून गेले आणि स्वस्त भाड्याच्या शोधातील लोक राहिले: ज्यू, रशियन, फिलिपिनो, आणि आगीत जुनी वस्ती गमावलेले जपानी. फुल्टन आणि स्कॉट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, अलामो स्क्वेअरच्या समोर, १८८९ साली विल्यम वेस्टरफेल्ड या मिठाई-व्यावसायिकाने बांधलेले उंच चौकोनी मनोऱ्याचे घर आहे; १९२०च्या दशकाच्या अखेरीस ते रशियन निर्वासितांकडे गेले, तेथे त्यांचा क्लब चालला, पुढे तेथे जाझ वादक राहिले आणि साठच्या दशकात तरुणांचे कम्यून आले. एकाच जिन्यावरून एवढी माणसे वर-खाली गेली.

बुश आणि सटर या रस्त्यांच्या मध्ये कॉटेज रो नावाची एक पायवाट आहे. १८८२ सालची सहा बुटकी दुमजली घरे तिच्या एका अंगाला भिंतीला भिंत लावून उभी आहेत. १९३०च्या दशकात येथे जपानी कुटुंबे राहत आणि घरामागच्या जागेत पिकवलेला भाजीपाला शनिवारी त्या पायवाटेवर विकायला मांडत. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि काही आठवड्यांतच शहरातील सर्व जपानी वंशाच्या लोकांना, अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांसकट, उचलण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेकांना आधी सॅन ब्रुनो येथील टॅनफोरान रेसकोर्सच्या घोड्यांच्या पागांत आणि मग यूटा राज्यातील वाळवंटात टोपाझ छावणीत ठेवले. दोन्ही हातांत मावेल एवढेच सामान नेण्याची मुभा होती. मागे राहिलेल्या घरांत, गोदीतल्या कामासाठी टेक्सास आणि लुईझियानातून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे भाड्याने राहू लागली, कारण शहराच्या इतर भागांत त्यांना घर देण्यास मालक तयार नसत. १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत पाच हजारांपेक्षा कमी कृष्णवर्णीय लोक होते. १९५० साली ती संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली.

या सगळ्या इतिहासाचा साक्षीदार असलेले एक घर पोस्ट स्ट्रीटवर, १६९० क्रमांकाचे होते. युद्धापूर्वी तेथे एका जपानी माणसाचे औषधांचे दुकान होते. तो मालक छावणीत गेला. १९५० साली त्याच घरात ‘जिम्बोज बॉप सिटी’ हा क्लब सुरू झाला, जो इतर क्लब बंद झाल्यानंतर मध्यरात्री उघडे आणि पहाटेपर्यंत चाले. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, जॉन कोल्ट्रेन अशी माणसे शहरात कोठेही वाजवून झाली की रात्री तेथे येत. फिलमोर स्ट्रीटवर आणि त्याच्या आसपासच्या चार-सहा रस्त्यांवर असे कितीतरी क्लब, खानावळी, केशकर्तनालये, चर्चे होती. न्यूयॉर्कच्या हार्लेमशी त्या वस्तीची बरोबरी केली जात असे. मग नगरपुनर्विकास संस्थेच्या नकाशात ही सगळी वस्ती ‘बकाल’ ठरली. पोस्ट स्ट्रीटवरचे घर पाडण्याऐवजी उचलून फिलमोर स्ट्रीटवर १७१२ क्रमांकाच्या जागी नेण्यात आले, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे मार्कस बुक्स हे कृष्णवर्णीय साहित्याचे दुकान आले. २०१४ साली शहराने त्या वास्तूला स्मारकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ते दुकान तेथून निष्कासित झाले. मी त्या घरासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या खिडक्यांची ठेवण, त्याची कंगणी, सगळे काही नीट जपलेले दिसते. आणि ज्यांच्यामुळे ते घर जपण्याजोगे ठरले त्या तिन्ही बिऱ्हाडांपैकी एकही आत नाही.

पुनर्विकासाचे काम दोन टप्प्यांत झाले. १९५०च्या दशकात आखलेल्या पहिल्या टप्प्यात गिअरी स्ट्रीट रुंद करून त्याचा जलदगती मार्ग बनवला गेला, जो फिलमोरच्या चौकाखालून खंदकातून जातो, आणि त्याच्या कडेला पुढे जपानी व्यापारी संकुल उभे राहिले. १९६०च्या दशकात सुरू झालेला दुसरा टप्पा साठांहून अधिक ब्लॉकवर पसरला होता, आणि त्याची उत्तर सीमा बुश स्ट्रीट ही होती. जस्टिन हर्मन हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. सुमारे २,५०० व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील शैलींची, घरे जमीनदोस्त झाली, ४,७२९ कुटुंबे आणि ८८३ दुकाने-व्यवसाय हलवले गेले. रहिवाशांनी वेस्टर्न ॲडिशन कम्युनिटी ऑर्गनायझेशन ही संघटना उभारली, बुलडोझरसमोर ठाण मांडले, न्यायालयात गेले आणि काही काळ कामाला स्थगितीही मिळवली. पण पाडकाम कायमचे थांबले नाही. कित्येक भूखंड पाडल्यानंतर वर्षानुवर्षे तारेच्या कुंपणाआड मोकळेच पडून होते. बुशच्या उत्तरेला, पॅसिफिक हाइट्सच्या चढावर, तशीच घरे, त्याच कंपन्यांनी त्याच लाकडात बांधलेली, आजही एकाला एक लागून उभी आहेत. फिलमोर स्ट्रीटने उत्तरेकडे चालत गेलो की काही मिनिटांत हा फरक डोळ्यांनी दिसतो: आधी सत्तरच्या दशकातील सिमेंटच्या इमारती आणि त्यांच्यापुढची पार्किंगची जागा, मग गिअरीचा खंदक, आणि बुश ओलांडताच पुन्हा कंगोरे, बे विंडो, कुंड्या. घरांच्या मजबुतीत तसा कोणताही भेद नव्हता.

याच काळात जतनाची चळवळही जोर धरत होती. १९७१ साली शहरातील वास्तुवारशासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि १९७४ साली तिने पुनर्विकास संस्थेशी बोलणी करून बारा व्हिक्टोरियन घरे वाचवली. ती अक्षरशः उचलली गेली. पायापासून सोडवून, पोलादी तुळयांवर चढवून, चाकांवर घालून त्यांची मिरवणूक रस्त्यांवरून निघाली. वाटेतल्या तारा बाजूला कराव्या लागल्या. नव्या जागी नव्या जोत्यावर बसवून, डागडुजी करून ती विकली गेली. त्या कामाची छायाचित्रे मी पाहिली आहेत. रिकाम्या चौकातून तीन मजली घर चालले आहे आणि मागे मोकळे भूखंड पसरले आहेत. ही कामगिरी मी कमी लेखणार नाही. ज्यांनी ती केली त्यांनी सर्व बाजूंनी पाडकाम चालू असताना जे हाताला लागले ते वाचवले. तरीही अडीच हजारांतली बारा घरे ट्रकवर चढली आणि त्यांत राहणाऱ्या माणसांसाठी तशी कोणतीच चाके नव्हती, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्याच संस्थेच्या ताब्यात फ्रँकलिन स्ट्रीटवरचे हास-लिलिएन्थाल घर आहे. विल्यम हास या किराणा व्यापाऱ्यासाठी १८८६ साली बांधलेले हे क्वीन ॲन घर व्हॅन नेसपासून फक्त एक रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे आगीपासून जेमतेम हाकेच्या अंतरावर वाचलेले. तीन पिढ्या तेथे राहिल्या आणि १९७०च्या दशकात वारसांनी ते संस्थेला दिले. आतून पाहता येईल असे व्हिक्टोरियन घर शहरात हवे असेल तर ते हेच, आणि आलेल्या पाहुण्यांना मी तेथे आवर्जून नेतो.

आगीच्या दुसऱ्या सीमेपाशी आपल्याकडच्या इतिहासाचा एक धागा सापडतो. मिशन भागात आग दक्षिणेकडे सरकत विसाव्या स्ट्रीटपर्यंत आली आणि तेथे थांबवली गेली, कारण चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका हायड्रंटला पाणी होते. त्या हायड्रंटला दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे सोनेरी रंग दिला जातो. तेथून थोड्याच अंतरावर दक्षिणेला, आग न पोहोचलेल्या टेकडीवर, हिल स्ट्रीट आहे. त्या रस्त्यावरच्या ४३६ क्रमांकाच्या घरातून १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’ या उर्दू वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या पत्रामागच्या, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीतून हिंदुस्थानात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेले. शहराच्या उत्तरेला वेब्स्टर आणि फिल्बर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वेदान्त सोसायटीचे जुने मंदिर आहे. स्वामी त्रिगुणातीतानंदांच्या पुढाकाराने बांधलेल्या या वास्तूचे अर्पण जानेवारी १९०६ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या तीन महिने आधी झाले, ती भूकंपातून वाचली, आणि नंतर तिच्यावर तिसरा मजला व निरनिराळ्या घाटांची शिखरे चढली. खाली पाहिले तर शेजारच्या घरांसारखीच बे विंडो, वर पाहिले तर बंगाली मंदिराची आठवण देणारा कळस.

लाकडी घरे भूकंपात टिकतात कशी, असे मला लोक विचारतात. लाकडाचा सांगाडा लवचीक असतो, तो वाकतो पण सहसा मोडत नाही. कोसळतात त्या विटांच्या चिमण्या, आणि घर जोत्याला बोल्टांनी जखडलेले नसेल तर ते जोत्यावरून घसरते. याहून धोक्याचे म्हणजे मोटारीसाठी तळमजल्याच्या भिंती काढून केलेली गॅरेज. १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपात मरीना भागात अशाच तळाशी पोकळ झालेल्या इमारती कलंडल्या. २०१३ साली शहराने कायदा करून तीन किंवा अधिक मजल्यांच्या, पाच किंवा अधिक बिऱ्हाडांच्या जुन्या लाकडी इमारतींचा तळमजला पोलादी चौकटींनी मजबूत करणे सक्तीचे केले. हा खर्च मोठा असतो आणि त्याचा भार भाडेकरूंवरही पडतो. घर जपणे आणि घरात राहणे परवडणे यांतली ओढाताण येथेही सुटलेली नाही.

आणि ती सोडवायला हवी असे मला मनापासून वाटते. १९७० साली शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या वर होते, आज ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे. अलामो स्क्वेअरला १९८४ साली ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला, खिडकीची चौकट बदलायची तरी परवानगी लागते, आणि हे योग्यच आहे. कंगणीखालच्या ब्रॅकेटचा आकार रंगाच्या कडेवरून शोधून काढण्याची चिकाटी ज्या शहरात आहे, त्या शहराने तितक्याच चिकाटीने उठवलेल्या कुटुंबांचा माग काढायला हवा होता. पुनर्विकास संस्थेने त्या काळी विस्थापित कुटुंबांना प्राधान्यपत्रे दिली होती. नव्या घरांत तुम्हाला आधी जागा मिळेल, असे त्यांवर आश्वासन होते. घरे बांधून होईपर्यंत पुष्कळ कुटुंबे ओकलंडला, रिचमंडला, आणखी दूर पांगली होती, पत्ते बदलले होते, आणि फार थोड्यांना त्या कागदाचा उपयोग झाला. २०२१ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून हा हक्क त्यांच्या वारसांनाही लागू केला. आता जुन्या नोंदींवरून मुलांचा आणि नातवंडांचा शोध घेण्याचे काम शहराकडे आहे, आणि वारसांना परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत त्या पत्राच्या आधारे प्राधान्य मागता येते.